डिसेंबरातला सहा ते सातचा तास आम्हाला द्या

प्रति,
पुण्यात थंडीच्या दिवसांत संगीत महोत्सव भरवणाऱ्या सर्व संस्थांचे पदाधिकारी, कार्यकर्ते आणि वेळापत्रक ठरवणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मोसम जवळ आला की तुमच्या बैठका सुरू होतात. कोणाला बोलवायचं, कोणाच्या आधी कोणाला बसवायचं, मांडव कोणाला द्यायचा, मागच्या वर्षीचा साउंडवाला पुन्हा नको, वगैरे. त्यातल्या एखाद्या बैठकीत कोणीतरी हे पत्र वाचून दाखवावं, एवढ्यासाठी लिहितो आहे. मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो: तुमच्या महोत्सवातल्या निदान एका दिवशी, शक्यतो रविवारी, पहाटे सहाला गाणं सुरू करा. "सकाळचं सत्र" म्हणून साडेनवाला दीपप्रज्वलन आणि दहाला पहिला षड्ज, तसं नव्हे. सहा म्हणजे सहा. बाहेर अंधार असताना.

ही मागणी कुठून आली ते सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

मी अकरा वर्षांचा असताना वडील मला पहिल्यांदा सवाईला घेऊन गेले. १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव तेव्हा रात्रभर चालायचा. शाळेचं पटांगण, खाली सतरंज्या, कानटोप्या, मफलर, आणि घरटी एक थर्मास. मला गाण्यातलं काहीही कळत नव्हतं. जागरणाची परवानगी मिळाली याचंच अप्रूप होतं. अर्थात बाराच्या सुमाराला मी वडिलांच्या शालीत झोपून गेलो. मध्येच जाग आली ती थंडीनं. मांडवाच्या कडेच्या कनातीतून गार वारा येत होता, तोंडातून वाफ निघत होती आणि स्टेजवर कोणीतरी फार हळू आवाजात गात होतं. आजूबाजूचे लोक पुतळ्यासारखे बसलेले. वडील वाकून कानात म्हणाले, "ऐक, दोन मध्यम एकाला एक लागून येतायत." मला मध्यम म्हणजे काय हे माहीत नव्हतं. पण दोन सुरांच्या मध्ये काहीतरी चिरल्यासारखं होत होतं, ते मात्र नीट ऐकू आलं. थोड्या वेळानं कनातीवरचा काळा रंग करडा झाला.

तो ललत होता, शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम (म) लागणारा पहाटेचा राग, हे मला पुढं कैक वर्षांनी कळलं. त्या वेळी, त्या थंडीत, तो पुन्हा एकदाही समोर बसून ऐकायला मिळालेला नाही.

का मिळाला नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००५च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ते पक्के झाले, आणि रात्री दहा ते पहाटे सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद म्हणजे बंद झाले. वर्षातले फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत देण्याची मुभा राज्य सरकारला आहे. त्यातले बरेचसे गणपती आणि नवरात्र घेऊन जातात आणि गाण्याच्या वाट्याला उरतं ते एखाद्या शनिवारचे दोन तास. मी त्या निकालाच्या विरोधात बोलायला उभा नाही. माझी बहीण अशाच एका पटांगणाला लागून राहते. परीक्षेच्या दिवसांत भिंतीतून येणारा ढोलकीचा दणका तिनं सोसला आहे. शिवाय थंडीच्या रात्री आवाज नेहमीपेक्षा लांब जातो, ही काही तिची कुरकुर नव्हे. जमीन निवते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, त्यामुळे वर जाणारा आवाज वळून पुन्हा खाली येतो. उन्हाळ्यात चार गल्ल्यांपलीकडे विरणारं गाणं डिसेंबरात आठ गल्ल्यांपलीकडच्या आजारी माणसाच्या उशाशी जाऊन बसतं. तेव्हा कायदा आहे तो ठीकच आहे.

पण त्या कायद्यानं आपल्या ऐकण्याचं काय झालं, याचा हिशोब कोणी मांडलेला दिसत नाही. मी मांडून बघितला.

आपला महोत्सव दुपारी तीन-चारला सुरू होतो आणि दहाला संपतो. आठ प्रहरांपैकी जेमतेम दोन-सव्वादोन. त्यामुळे राग तेच ते: मुलतानी, भीमपलास, मधुवंती, मग मारवा, पूरिया, श्री, मग यमन, भूप, शुद्धकल्याण, बिहाग, आणि शेवटच्या गायकाला घाई नसेल तर बागेश्री. एवढ्या परिघात आपण वीस वर्षं फिरतो आहोत. भूप आणि देसकार यांचे स्वर अगदी तेच, फरक चलनाचा, म्हणजे स्वरांच्या चालीचा, आणि वेळेचा. भूप गंधाराच्या (ग) आसपास रमतो, देसकार धैवतावर (ध) चढून बसतो. संध्याकाळचा भूप मी किती वेळा ऐकला ते मोजता येणार नाही. सकाळचा देसकार समोर बसून ऐकला तो बोटांवर मोजण्याइतका. मारवा, पूरिया आणि सोहनी ही तर तीन भावंडं. तेच सहा स्वर, पंचम (प) तिघांनाही नाही. मारवा सूर्यास्ताला, पूरिया दिवेलागणीनंतर खालच्या अंगानं, आणि सोहनी रात्र सरताना वरच्या सप्तकात. पहिली दोन भावंडं आपल्याकडे दरवर्षी पाहुणी येतात. तिसरी आलीच तर रात्री साडेनवाला, कोणाच्या तरी ख्यालानंतर सहा मिनिटांची बंदिश म्हणून, पदर सावरत येते आणि जाते.

तोडी, रामकली, भटियार, बिलासखानी या सकाळच्या रागांची नावं घेत बसत नाही. यादी लांबत जाईल आणि मला राग येईल.

यावर एक ठरलेलं उत्तर मला नेहमी मिळतं. "अहो, रागांच्या वेळा ही समजूत आहे. कर्नाटक संगीतात एवढं कुठं पाळतात? मोबाइलवर दुपारी बाराला रात्रीचा मालकंस ऐकता की नाही तुम्ही?" ऐकतो. दुपारी बाराला मालकंस ऐकून आजवर कोणी आजारी पडलेलं नाही. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी मध्यमाला अध्वदर्शक म्हणजे वाट दाखवणारा स्वर म्हटलं. तीव्र मध्यमाचं वळण संध्याकाळकडे, शुद्धाचं सकाळकडे. त्यात शास्त्र किती आणि सवय किती, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. माझं म्हणणं त्याहून साधं आहे. पहाटे उठलेलं शरीर वेगळं असतं. पोट रिकामं, डोकं रिकामं, कान अजून दिवसभराच्या हॉर्ननं बधिर झालेले नाहीत. अशा माणसासमोर ललतातले ते दोन मध्यम ठेवून बघा. संध्याकाळी सातला ऑफिसातून थेट आलेल्या, पार्किंगसाठी वीस मिनिटं घिरट्या घातलेल्या माणसासमोर ठेवून बघा. राग तोच असेल. ऐकणारा तो नसेल.

आता मुद्द्याची गोष्ट. कॅलेंडर समोर घेऊन बसा.

ध्वनिवर्धकाला परवानगी सहापासून. आपल्याकडे मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आतच उगवतो, म्हणजे तेव्हा कायद्याची वेळ सुरू होईपर्यंत पहाट संपलेली असते. पण डिसेंबरच्या मध्यावर पुण्यात सूर्य उगवतो सातच्या आसपास, आणि जानेवारीत तर सातच्याही पुढे. म्हणजे सहाला पूर्ण अंधार, साडेसहाला झुंजूमुंजू, सातला ऊन. हा एक तास कायद्यानं दिवसाचा आहे आणि आभाळाच्या हिशोबानं रात्रीचा. वर्षभरात तो फक्त थंडीत मिळतो, आणि नेमके त्याच दिवसांत आपले महोत्सव असतात. रात्रीच्या खास परवानगीसाठी कोणाच्या दारात जायला नको, सवलतीचे पंधरा दिवस खर्ची पडायला नकोत, न्यायालय नको. ही पळवाट नाही, नियमातच बसणारी वेळ आहे. आणि वीस वर्षं आपण ती झोपून काढली.

मांडव उभाच असतो. साउंड भाड्यानं आणलेला असतो, खुर्च्या मांडलेल्या असतात, गाद्या घातलेल्या असतात. रात्री दहापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या सगळ्याची राखण एक वॉचमन आणि दोन कुत्री करतात. वापरात नसलेल्या या सतरा-अठरा तासांतले तीनच मागतो आहे.

"येणार कोण?" हा प्रश्न तुम्ही विचाराल. तो मला कोणी विचारला की मी विचारतो, दिवाळी पहाटेला कोण येतं? सारसबागेत, चौकाचौकांत, सोसायटीच्या आवारांत, अभ्यंगस्नान करून, भरजरी कपडे घालून हेच पुणेकर साडेपाचला हजर असतात की नाही? वर्षाचे तीनशे दिवस आठशिवाय न उठणारी मुलंसुद्धा त्या दिवशी येतात. अडचण उठण्याची नाहीच. कोणी बोलावण्याची आहे. दिवाळीत बोलावणं असतं म्हणून माणसं उठतात. फक्त तिथं बहुधा भावगीतं आणि नाट्यपदं असतात, आणि मग फराळ. मी म्हणतो तसे कार्यक्रम काही छोट्या संस्था आपापल्या सभागृहांत, शंभर-दोनशे माणसांत निष्ठेनं करतात, त्यांना दंडवत. पण दहा हजारांचा मांडव ज्यांच्या हातात आहे त्यांनी हे करणं वेगळं.

येणारी माणसं कमी असतील, हे मान्य. संध्याकाळच्या एक दशांश असतील. त्या एक दशांशात फोटोसाठी येणारे नसतील, कोणाच्या तरी पासवर आलेले नसतील, आणि तान संपायच्या आत टाळी देणारे तर नक्कीच नसतील. सत्कारमूर्ती सहाला येणार नाहीत. प्रायोजकांचे वरिष्ठ येणार नाहीत. मोठ्या पडद्यावर सदनिकांच्या जाहिराती बघायला कोणी येणार नाही. तुम्ही याला तोटा म्हणाल, मी याला सोय म्हणतो.

गायकांचं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. पहाटे आवाज जड असतो, रात्री उशिरा दुसऱ्या गावाहून आलेल्या माणसाला सहाला बसवणं हा जुलूम आहे. म्हणून ज्यांचं नाव मोठ्या अक्षरांत छापायचं त्यांना पहाटे बोलवूच नका. जे इथंच राहतात, पहाटे चारला उठून खर्ज भरतात, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज करतात, आणि ज्यांना तुम्ही उद्घाटनाच्या दिवशी दुपारी साडेतीनच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर पंचवीस मिनिटं देता, त्या तरुण गायक-वादकांना हा तास द्या. आणि प्रत्येकाला निदान सव्वा तास द्या. दोनच कलाकार ठेवा, सहा ते सव्वासात आणि साडेसात ते नऊ. पहिल्यानं ललत किंवा भटियार, दुसऱ्यानं तोडी. नऊला सगळे घरी जातील आणि तुमच्या कार्यकर्त्यांना दुपारपर्यंत झोप मिळेल.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्या मला एका तबलजी मित्रानं सांगितल्या. वाद्यं पाऊण तास आधी मांडवात आणून उघडी ठेवा, हवेला सरावू द्या. गाडीतून काढून थेट स्टेजवर नेली की तारा गारठून चढतात, तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, पहाटेच्या दमट हवेनं उतरते, आणि मग पहिली वीस मिनिटं हातोडीची ठकठक ऐकण्यात जातात. ललतात पंचम नाही म्हणून त्याला तानपुरा पंचमात नसतो, तेव्हा आदल्या रात्रीचेच लावलेले तानपुरे चालणार नाहीत. मांडवाचं कापड दवानं भिजतं आणि ठिबकतं, स्टेजवर तरी दुहेरी घाला. आणि आवाज कमी ठेवा, खूप कमी. संध्याकाळच्या एक दशांश माणसं स्टेजजवळ बसवली तर बाहेरचे उंच स्पीकर लावायचीच गरज नाही. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. पहाटे तानपुरा, गळा आणि तबला मांडवाबाहेर त्यापुढं जाणार नाहीत एवढं बघा. आठवडाभर आधी शेजारच्या इमारतींत जाऊन सांगून या, जमलं तर त्यांना पुढच्या रांगा द्या. माझ्या बहिणीला विचारलं मी. ती म्हणाली, "रात्री अकराची ढोलकी नको, पहाटेचा तानपुरा चालेल, खिडकी उघडी ठेवीन."

रात्रीच्या रागांबद्दल फार बोलत नाही, कारण तिथं मांडवाचा उपयोग नाही. पण एवढं लक्षात असू द्या की नियम उघड्या जागेसाठी आहे. बंद सभागृहात, आतल्या आत ऐकण्यासाठी रात्री ध्वनिवर्धक लावायला त्याच नियमांत मोकळीक आहे. पुण्यात नाट्यगृहं आहेत. एखादी रात्र, दहा ते एक, दोनच कलाकार, एवढं ज्या संस्थेला परवडेल तिनं करून बघावं.

हे मी का म्हणतो त्यालाही एक प्रसंग कारण आहे. मागच्या मोसमात एका महोत्सवाला (नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही, सगळीकडे तेच आहे) शेवटचे गायक स्टेजवर बसले तेव्हा नऊ पस्तीस झाले होते. आधीचे सत्कार लांबले होते. त्यांनी दरबारी हा रात्रीचा राग सुरू केला. विलंबित एकताल, म्हणजे अगदी संथ लय. मंद्रातून वर येत कोमल गंधारावर पोचले आणि तो गंधार त्यांनी हलवायला सुरुवात केली, अगदी सावकाश, पाण्यावर दिवा सोडावा तसा. मांडव गप्प. तेवढ्यात मागून एक चिठ्ठी आली. आधी कार्यकर्त्याच्या हातात, मग तानपुऱ्यावर बसलेल्या मुलीच्या हातात. तिनं ती तंबोऱ्याच्या भोपळ्याआडून पुढं सरकवली. गायकांनी गाता गाता एका डोळ्यानं ती वाचली. मग तबलजीकडे बघून नुसती मान हलवली, आणि त्या गंधारावरून एकदम द्रुत, म्हणजे जलद लयीचा, तिनताल सुरू झाला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून थेट गच्चीत उडी. अठ्ठावन्नला आटोपलं. फाटकाशी उभ्या असलेल्या हवालदारानं घड्याळ बघून समाधानानं मान डोलावली. त्याची काही चूक नव्हती. कोणाचीच नव्हती. पण ती हलणारी गंधाराची जागा माझ्या कानात अजून तशीच अर्धवट आहे.

माझी एक भाची आहे, एकोणीस वर्षांची, सहा वर्षं गाणं शिकते आहे. ललतातल्या दोन बंदिशी तिच्या गळ्यावर आहेत, गुरूंनी छान बसवून घेतल्या आहेत. मी तिला विचारलं, कोणाचा ऐकलास? तिनं मोबाइलवरच्या सात-आठ ध्वनिमुद्रणांची नावं सांगितली, सगळी उत्तम. समोर बसून? एकदाही नाही. गल्लीत अंधार असताना? ती हसली. तिच्या पिढीतल्या पुण्यातल्या बहुतेक शिकणाऱ्या मुलामुलींचं हेच उत्तर येईल असं मला वाटतं. चुकीचं वाटत असेल तर तुमच्या ओळखीच्या चार जणांना विचारून बघा.

यंदा एकानं जरी केलं तरी चालेल. एकच रविवार. माणसं आली नाहीत तर पुढच्या वर्षी बंद करा, मी पत्र लिहिणार नाही. तिकीट ठेवा, विद्यार्थ्यांना फुकट सोडा. भाचीला घेऊन साडेपाचला फाटकाशी येऊन थांबतो. सतरंजी आमची आम्ही आणू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सदाशिव पेठेतला एक श्रोता

ता. क. चहाचा स्टॉल सव्वासातपर्यंत बंद ठेवायला सांगा. ललत चालू असताना कपबश्यांचा आवाज फार लागतो. तोडी सुरू व्हायच्या आधी मात्र पंधरा मिनिटं उघडा, नाहीतर वडीलधारी मंडळी मला शिव्या देतील.